पडद्यावरची डोंगरी

गुंडांच्या खऱ्या आयुष्यावरून काढलेले हिंदी-मराठी चित्रपट हा काही आपल्या अंकाचा नेहमीचा विषय नव्हे. सणवार, कोकणातली सिनेगॉगे, कोणाचे लग्न, कोणाचे निधन, यांत आपली पाने भरतात आणि भरावीत. पण हे चित्रपट ज्या वस्त्यांत घडतात त्यांची नावे एकदा ओळीने म्हणून पाहा : डोंगरी, मशीद बंदर, नागपाडा, भायखळा, आग्रीपाडा, सात रस्ता. वाचकांपैकी कितीतरी जणांचे बालपण यांतल्याच एखाद्या ठिकाणी गेले असेल. सॅम्युएल स्ट्रीटवरची १७९६ सालची शाआर हारहमीम, म्हणजे आपली 'जुनी मशीद', तिथलीच. सात रस्त्यावर तिफेरेथ इस्रायल, आग्रीपाड्यात मागेन हसीदीम, आणि दगडी चाळ तिथून पायी जाण्याच्या अंतरावर. तेव्हा या चित्रपटांची झाडाझडती घेण्याचा थोडा हक्क आपल्यालाही पोचतो, असे आम्हांला वाटते.

हे चित्रपट आम्ही ओळीने पाहिले ते मात्र मुंबईत नव्हे, इस्रायलमध्येही नव्हे, तर कतारमधल्या अल वक्रा गावी. २०२२ च्या नोव्हेंबरात फुटबॉलच्या विश्वचषकासाठी तेल अवीवहून दोह्याला थेट विमान सुटले, आणि ठाण्याचा आमचा भाचा, जो भारतीय पासपोर्टावर तिथे नोकरीला आहे, म्हणाला, "मावशी, आता नाही आलीस तर कधीच यायची नाहीस." फुटबॉलमधले आम्हांला काही कळत नाही. भाच्याच्या शेजारच्या घरात चार मराठी मुले एकत्र राहतात : एक चिपळूणचा, एक रेवदंड्याचा, दोघे लालबागचे. सुट्टीच्या दिवशी सामने संपले की रात्री मोठ्या टीव्हीवर चित्रपट लागे, आणि तो बहुधा गुंडाचाच असे. संवाद त्यांना तोंडपाठ. आम्ही डोंगरीच्या, हे कळल्यावर चिपळूणच्या मुलाने डोळे मोठे करून विचारले, "मावशी, मग तुम्ही त्यांना पाहिलं असेल ना?"

'त्यांना' म्हणजे दाऊदला. आम्ही आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवले. हे आदरार्थी बहुवचन कानाला फार खटकले. कारण याच मुलाने पाच मिनिटांपूर्वी त्याच चित्रपटातल्या पोलिसाचा उल्लेख 'तो हवालदार' असा केला होता. दाऊदचे वडील स्वतः मुंबई पोलिसांत हेडकॉन्स्टेबल होते, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. मुलाला 'ते', बापाला 'तो'. मुलगा काही वाईट नाही, रोज आईला फोन करणारा आहे. हे व्याकरण त्याला चित्रपटाने शिकवले आहे.

'शूटआउट अ‍ॅट वडाला' पासून सुरुवात करू, कारण तो चौघांचाही लाडका. संजय गुप्ता यांचा हा चित्रपट २०१३ साली आला. मन्या सुर्वे, म्हणजे मनोहर अर्जुन सुर्वे, कोकणातला, दादरच्या कीर्ती कॉलेजात शिकलेला. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्याला आंबेडकर कॉलेजजवळ पोलिसांच्या गोळ्यांनी तो मेला. मुंबई पोलिसांची पहिली नोंदलेली चकमक म्हणून ती सांगितली जाते. चित्रपटात जॉन अब्राहम मन्या झाला आहे, आणि गोळ्या लागल्यावर पोलिसांच्या गाडीत पडल्या पडल्या तो आपली हकीकत ज्याने गोळ्या घातल्या त्या अधिकाऱ्यालाच सांगतो. युक्ती चांगली आहे. पण तिचा परिणाम असा की, सगळी गोष्ट मन्याच्या तोंडची होते. तो सुरुवातीला निर्दोष, अभ्यासू, आईवेडा. खुनाचा आळ त्याच्यावर उगाच आलेला. पुढे जे घडते ते त्या अन्यायाचे फळ. मधूनमधून तीन नाचगाणी.

आम्हांला त्यात सर्वांत बोलकी वाटली ती नावांची गोष्ट. मन्या सुर्वेचे नाव जसेच्या तसे आहे. दाऊद मात्र 'दिलावर' झाला आहे, आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याचे नाव इसाक बागवान, त्याचा 'आफाक बाघरान' झाला आहे. मेलेल्याचे नाव खरे आणि जिवंतांची बदललेली. मेलेला कोर्टात जात नाही, आणि दुबईहून फोनही करत नाही! 'सत्य घटनेवर आधारित' ही पाटी किती खरी मानायची, हे या एका गोष्टीवरून कळावे.

दुसरी गोष्ट भाषेची. सुर्व्यांच्या घरात आई मुलाशी हिंदीत बोलते. हिंदी चित्रपट आहे, चालायचेच, असे भाचा म्हणाला. चालते ते खरे. पण मग शिव्या तेवढ्या मराठीत कशासाठी? मायेची भाषा हिंदी आणि शिवीची मराठी, ही वाटणी कोणी केली? या चित्रपटांत मराठी ऐकू येते ती हाणामारीत. अशाने परक्या प्रेक्षकाला वाटेल की ही भाषा गोळ्या झाडण्यापुरतीच आहे.

तिसरी गोष्ट पडद्यावर नाहीच, आणि तीच मोठी आहे. मन्या मेला त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार होते. संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही, गिरण्या मात्र एकेक करून संपल्या. त्या गिरण्यांत आपलीही माणसे होती. सासूनांच्या गिरण्यांत खात्याखात्यांतून बेने इस्रायल होते, आणि हे आपल्याला घरोघरी ऐकून माहीत आहे. ज्या पोरांना बाप-आज्याच्या जागी गिरणीत चिकटता आले असते, ती त्या वर्षानंतर नाक्यावर उभी राहिली. टोळ्यांना माणसे मिळाली ती तिथून. वडाळ्याच्या चित्रपटात सात दिवस पुढे पाहण्याची कोणाला गरज वाटली नाही.

महेश मांजरेकरांनी ती पाहिली. 'लालबाग परळ' (२०१०) हा जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून केलेला. त्यात खरे नाव कोणाचेच नाही. संपात बुडालेले एक घर, सीमा विश्वास यांची आई, तीन मुलगे, एक मुलगी, आणि धाकटा नरू टोळीत जातो. चित्रपट अंगावर येतो, काही प्रसंग तर नकोत इतके भडक आहेत, आणि मांजरेकरांना आवरणे कधी जमलेले नाही. पण नरूच्या हातात पिस्तूल येते तेव्हा ते कुठून आले हे आपल्याला ठाऊक असते. अल वक्र्यात हा चित्रपट लागला तेव्हा लालबागचा एक मुलगा मध्येच उठून गॅलरीत गेला. त्याचे आजोबा संपातले. तो मन्याचे संवाद म्हणणारा मुलगा. इथे संवाद म्हणण्यासारखे काही नव्हते.

दगडी चाळीवरचे दोन चित्रपट उरकून टाकू. 'दगडी चाळ' (२०१५) हा मराठी, चंद्रकांत कणसे यांचा. मकरंद देशपांडे यांचा 'डॅडी' कमी बोलतो, पांढरी टोपी घालतो, आणि सगळी चाळ त्याच्याकडे देवळातल्या मूर्तीकडे पाहावे तशी पाहते. नट मोठा आहे, म्हणूनच घात होतो. अरुण गवळीवरचा हिंदी 'डॅडी' (२०१७) त्या मानाने बरा. निरनिराळी माणसे त्याच्याविषयी निरनिराळे सांगतात, त्यामुळे कोणा एकाची बाजू पक्की होत नाही. चाळ, जिने, नळ, दिव्यांचा पिवळा उजेड, हे आम्हांला ओळखीचे वाटले. पण दोन्ही पाहून झाल्यावर आम्ही मुलांना विचारले, कमलाकर जामसांडेकर कोण? एकालाही सांगता आले नाही. शिवसेनेचा नगरसेवक, मार्च २००७ मध्ये स्वतःच्या घरात मारला गेला, आणि त्याच खुनासाठी २०१२ साली गवळीला जन्मठेप झाली. मारणाऱ्याचे टोपणनाव कतारपर्यंत पोचले, मेलेल्याचे खरे नाव घाटकोपरच्या बाहेर पडले नाही. त्या घराची गोष्ट सांगणारा चित्रपट आमच्या तरी पाहण्यात नाही.

हाजी मस्तानकडे येऊ, कारण त्याची गोष्ट अल वक्र्याच्या किनाऱ्यावर नीट समजते. हे गाव मूळचे कोळ्यांचे आणि मोती काढणाऱ्या पाणबुड्यांचे. समुद्रालगत जुना बाजार आता डागडुजी करून उभा केला आहे, पुढे लाकडी गलबते नांगरलेली. या किनाऱ्यावर पूर्वी आपला रुपया चाले. हे नव्या पिढीला सांगून पटत नाही, पण कतारात, दुबईत, सगळीकडे भारताचा रुपयाच होता. तिकडून सोने चोरून मुंबईला जायचे, इकडे रुपये यायचे, आणि ते रुपये बँकेत देऊन परकी चलन मागितले की भारताच्या तिजोरीला भोक. म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, आणि १९६६ पर्यंत त्या इथे चालल्या. एका देशाला आपल्या नोटेचा रंग बदलावा लागला, इतके ते सोने होते.

आता 'दीवार' (१९७५) आठवा. गोदीतला हमाल, बिल्ला, निळा सदरा, अमिताभ. मस्तानवरून घेतला असे सगळे म्हणाले, पण चित्रपटाने तसे म्हटले नाही, आणि शेवटी आईच्याच सांगण्यावरून तो भावाच्या गोळीने मेला. आईने बंदूक कोणाच्या हाती दिली हे सलीम-जावेद विसरले नव्हते. पुढे पस्तीस वर्षांनी 'वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई' (२०१०) मध्ये अजय देवगणचा सुलतान मिर्झा आला. पांढरे कपडे, पांढरी गाडी, गरिबांचा कैवारी. सोने चालेल पण दारू-गर्द नाही, अशी नीती. तेवढ्यात पाहणारा विरघळतो. नोटांचा रंग बदलायला लावणारी ती चोरी कोणाच्या खिशातून झाली, हा हिशेब दोन्ही चित्रपटांत नाही. पण 'दीवार' मध्ये निदान आई होती.

गुंडाला 'आपला' म्हणण्याचा मोह फक्त मुंबईकरांना होतो असे समजू नये. आपल्या यहुदी मंडळींनाही तो सुटलेला नाही. मेनाखेम गोलान, आपल्या तिबेरियासचा, याने १९७५ साली टोनी कर्टिसला घेऊन 'लेपके' काढला, न्यू यॉर्कच्या लुई बुखाल्टरवर, जो १९४४ साली विजेच्या खुर्चीत गेला. पुढे 'बग्सी' (१९९१) मध्ये मायर लान्स्की झाला बेन किंग्सले. ज्याने गांधीजी केले त्यानेच! आमच्या पिढीला लान्स्की वर्तमानपत्रातून आठवतो. १९७० साली तो इस्रायलात आला, परतीच्या कायद्याखाली नागरिकत्व मागू लागला, आणि १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला नकार दिला. कायद्यातच तरतूद आहे : ज्याच्या गुन्हेगारीने जनतेला धोका, त्याला येऊ देऊ नये. त्याच्या यहुदीपणाबद्दल मात्र कोणी तोंडातून शब्द काढला नव्हता. वाचकांना आठवत असेल, त्याच्या सहा-आठ वर्षे आधी आपण प्रामाणिक कारकून, परिचारिका, रेल्वेचे फिटर, शाळामास्तर, यांना आपले यहुदीपण सिद्ध करण्यासाठी उन्हात बसावे लागले होते, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतला ठराव करावा लागला होता. त्यावर चित्रपट निघाल्याचे आम्हांला ठाऊक नाही. लान्स्कीवर किती निघाले ते मोजत बसू नका.

'गॉडफादर' च्या दुसऱ्या भागातला हायमन रॉथ हाही लान्स्कीच. त्यात इस्रायलने नाकारलेला हा म्हातारा विमानतळावर गोळी लागून मरतो. खरा लान्स्की १९८३ साली मायामीत आजाराने गेला. चित्रपटाला शिक्षा द्यावीशी वाटली, जगाला वाटली नाही. हे खोटे आम्हांला चालते. मन्याला निर्दोष करणारे खोटे चालत नाही. दोन्हींत फरक आहे आणि तो कोणाही शिक्षकाला कळेल : एकाने उत्तर बदलले, दुसऱ्याने गणितच बदलले.

मग खरे नाव घेऊन चांगला चित्रपट होतच नाही का? होतो. अनुराग कश्यपचा 'ब्लॅक फ्रायडे' पाहा. १२ मार्च १९९३ चे स्फोट, २५७ माणसे गेली. चित्रपट २००४ मध्ये तयार होता, पण खटला चालू असताना दाखवू नये म्हणून न्यायालयाने अडवला आणि तो २००७ च्या फेब्रुवारीत लागला. त्यात नावे खरी आहेत, जिवंतांचीसुद्धा. स्फोटांपैकी एक काथा बाजारात झाला, म्हणजे आपल्या जुन्या मशिदीच्याच परिसरात. आम्ही तेव्हा इस्रायलात होतो, बातमी ऐकून कोणाकोणाला फोन लावले ते आठवते. या चित्रपटात गुंडाला गाणे नाही, प्रेयसी नाही, बालपणीचा अन्याय नाही. बॉम्ब ठेवणारी पोरे पळतात, दमतात, पैसे संपतात, घरी जावेसे वाटते, जाता येत नाही. पोलीसही धुतल्या तांदळाचे नाहीत, कोठडीतली मारहाण दाखवली आहे. चौघा मुलांपैकी कोणालाही त्यातला संवाद पाठ नव्हता. आमच्या मते हीच त्याची पावती.

आणि 'सत्या' (१९९८). त्यात खरे नाव एकही नाही, तरी गल्ली खरी. मनोज वाजपेयीचा भिकू म्हात्रे भयंकर माणूस आहे, आणि घरी बायकोशी भांडतो तेव्हा अगदी शेजारचा वाटतो. तिथे आम्हांला डोंगरीतल्या मधल्या भिंती आठवल्या, ज्यांतून सगळ्यांचे सगळे ऐकू यायचे. 'शूटआउट अ‍ॅट लोखंडवाला', 'हसीना पारकर' वगैरे राहू द्या. 'गंगूबाई काठियावाडी' मध्ये कामाठीपुरा इतका देखणा आहे की तिथे भाड्याने खोली घ्यावीशी वाटेल, एवढे म्हटले की पुरे.

चिपळूणच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले. आम्ही सुटलो तेव्हा तो दाऊद शाळकरी पोर असेल. आम्ही डोंगरीत पाहिले ते हे : शुक्रवारी संध्याकाळी आई मनुका भिजत घालून किद्दूशचा शरबत करी. शब्बाथला शेजारची खातून येऊन स्टोव्ह पेटवून देई आणि जाताना आमच्या धाकट्याच्या पाठीत लाडाने धपाटा घाली. मशिदीत खोबरेल तेलाचे दिवे. माझगावच्या सर एली कदुरी शाळेत जाताना वाटेत इराण्याच्या भट्टीचा वास. दारूबंदीच्या दिवसांत गल्लीत हातभट्टीची दारू विकणारा एक लंगडा म्हातारा होता, तो आम्हां पोरांना जवळ फिरकू देत नसे, "शाळेत जा" म्हणून ओरडे. दादा होते, सुरेही निघत. पण कोणी 'ते' नव्हते.

तो म्हातारा सांगितला आणि भाच्याला 'बूट पॉलिश' आठवला. १९५४ चा, राज कपूरने काढलेला, प्रकाश अरोरांनी दिग्दर्शित केलेला. त्यातला जॉन चाचा हा असाच लंगडा, चोरून दारू विकणारा. गुन्हेगारच म्हणायचा, पोलीस धरून नेतात त्याला. पण झोपडपट्टीतल्या दोन अनाथ पोरांना तो भीक मागू देत नाही, बूटपॉलिशचे काम करा म्हणतो. कोणा खऱ्या माणसावरून घेतलेला नाही, आणि मुंबईच्या ज्या गल्लीत न्याल तिथे कोणीतरी म्हणेल, हा आमच्या चाळीतला. या कामासाठी त्या नटाला फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले.

भाच्याने तो लावला. काळापांढरा, आवाज खरखरीत. मुले पहिली दहा मिनिटे फोनमध्ये होती, मग नव्हती. संपल्यावर रेवदंड्याच्या मुलाने विचारले, हा म्हातारा कोण, ख्रिश्चन का? आम्ही सांगितले, नाही, आपला बेने इस्रायल, डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

"चेऊलकर म्हणजे चौलचे?" तो म्हणाला. "मग आमच्या शेजारचेच की ते."